आम्ही दारुडा ठरवलेला धाकू राऊळ

धाकू राऊळ आमच्या कारखान्यात मार्कर होता. ओतकामातून आलेला बिडाचा ओबडधोबड तुकडा यंत्रावर चढण्याआधी तो कुठे कापायचा, कुठे भोक पाडायचं, याच्या रेघा आखून देणं हे त्याचं काम. तुकड्याला पाण्यात कालवलेला खडू फासायचा, तो एका सपाट लोखंडी पाटावर ठेवायचा, मोजपट्टी डोळ्यांजवळ धरून माप घ्यायचं आणि पोलादी सुईने रेघ ओढायची. ही रेघ चुकली की पुढच्या सगळ्यांची मेहनत भंगारात जाते. धाकूची रेघ चुकत नसे. डिप्लोमा घेऊन १९५४ साली मी तिथे तपासनीस म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फोरमनने मला सांगितलं, "राऊळच्या मालावर वेळ घालवू नकोस. त्याने आखलंय म्हणजे बरोबर आहे."

मी तरीही मोजायचो. नव्या डिप्लोमाची खुमखुमी होती. वर्षभरात मला त्याची एकही चूक सापडली नाही आणि याचं मला, खरं सांगायचं तर, थोडं वाईटच वाटत होतं.

कारखाना घाटकोपरला, आग्रा रोडवर. धाकू राहायचा तिथून दहा मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावर. मूळ कुडाळकडचा. तिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा. बोलणं कमी आणि जे काही ते मालवणीत. फोरमन कच्छी होता, त्याच्याशीही तो मालवणीतच बोलायचा आणि फोरमनला सगळं कळायचं. माझ्यापेक्षा तो आठ वर्षांनी मोठा. मी त्याला धाकूदादा म्हणायचो, तो मला नंदू.

आमची खरी ओळख मात्र मैदानावरची. आमच्या वस्तीच्या व्यायाम मंडळाचा हुतुतूचा संघ होता आणि धाकू त्यातला चढाईचा गडी. मला खेळता येत नव्हतं, पण अक्षर चांगलं म्हणून मी मंडळाचा चिटणीस. धाकूची चढाई बघायला मुलुंड-भांडुपहून माणसं यायची. 'हुतुतू' म्हणत तो इतका खाली वाकून जायचा की समोरच्याला धरायला त्याचा पायच सापडत नसे. नजर एकाच वेळी सातही गड्यांवर फिरायची आणि कोण पुढे झेपावणार हे त्याला आधीच कळायचं.

धाकू दारू पीत नसे. हे वेगळं सांगावं लागतं, कारण त्याचा बाप काजूच्या दारूने गेला होता. शेवंतीवहिनींच्या वडिलांनी लग्नाआधी त्याला एकच अट घातली होती, आणि ती त्याला घालायची गरज नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष मार्तंड सबनीस. निवृत्त शिक्षक, खादीवाले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मुंबईत दारूबंदी आली तेव्हा सरकारपेक्षा अण्णांनाच जास्त आनंद झाला होता. पण कायदा आला तशी खाडीच्या बाजूला भट्ट्याही आल्या, आणि दोन चांगले खेळाडू त्या भट्ट्यांवर गेले. तेव्हापासून अण्णांनी मंडळात एक रिवाज पाडला. दर शनिवारी संध्याकाळी मारुतीला नारळ फोडला की एकेका खेळाडूने मैदानाच्या मध्यरेषेवरून चालायचं. टाचेला अंगठा लावत, हात अंगाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. पाय रेषेबाहेर गेला तर त्या दिवशी घरी. तीन शनिवार गेला तर नाव कमी. बघायला सगळी वस्ती जमायची. चाळीच्या गॅलऱ्या भरायच्या.

"अण्णा, सरळ चालता आलं असतं तर हुतुतू कशाला खेळलो असतो," असं आमचा कर्णधार जयवंत दर शनिवारी म्हणायचा आणि दर शनिवारी सगळे हसायचे. धाकू त्या रेषेवरून घरी निघाल्यासारखा चालून यायचा.

आता मुलुंडच्या सामन्याचं सांगतो. इथून पुढे मला जे सांगायचंय त्यात माझा मोठेपणा कुठेच नाही.

१९५५ चा डिसेंबर. स्पर्धेची अंतिम लढत. आम्ही पाच गुणांनी मागे होतो. धाकू चढाईला गेला, दोघांनी त्याचे घोटे धरले आणि तिसरा बाजूने येऊन आदळला. धाकूने तशाही स्थितीत अंग ताणून मध्यरेषेला हात लावला, पण पडताना त्याचं डोकं एकाच्या गुडघ्यावर आपटलं. तो आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला. धाकू पडून राहिला. डोळे उघडे, पण कुठे बघतोय ते कळेना. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. मिनिटभराने तो उठून बसला. शिट्टी वाजली होती, पंच खुणा करत होते. अण्णा लांबून म्हणाले, "नंदू, ठीक आहे का तो, बघ जरा."

मी बघितलं. म्हणजे रक्त कुठे आहे का ते बघितलं. नव्हतं. धाकूने मला विचारलं, "आपण खयच्या बाजूक रे?"

मला हसू आलं. मी अण्णांना ओरडून सांगितलं, "ठीक आहे, अण्णा." मग धाकूला खांद्यांना धरून उभं केलं, समोरच्या संघाकडे त्याचं तोंड फिरवलं आणि पाठीवर हलका धक्का दिला. तो गेला. सवयीने वाकला, सवयीने दम धरला. तीन चढाया त्याने तशाच केल्या आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. ढाल हातात घेऊन मी सगळ्यांबरोबर छायाचित्र काढून घेतलं. त्यात धाकू शेवटून दुसरा आहे आणि भलतीकडेच बघतोय. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला उलट्या झाल्या. आम्ही म्हटलं, विजयाच्या भज्यांनी झालं असेल.

त्यानंतरच्या सोमवारी मला धाकूची पहिली चूक सापडली. पंपाच्या झाकणावर चार भोकांच्या खुणा होत्या, त्यातल्या दोन बाजूला सरकलेल्या. मी तीनदा मोजलं. मग लाल खडूने फुली मारली. त्या दिवशी मी घरी आईला सांगितलं की आज मी कारखान्याचं मोठं नुकसान वाचवलं. आई म्हणाली, शाबास.

आठवड्यात आणखी पाच तुकडे निघाले. फोरमन चक्रावला. धाकूचं चालणंही बदललं होतं. आमच्या शेडमध्ये वरच्या दांड्यावरून सगळ्या यंत्रांना चामडी पट्टे फिरायचे. इतकी वर्षं त्यांच्या मधून जाणारा धाकू आता भिंतीच्या कडेने, भिंतीला एक हात लावून, लांबचा वळसा घेऊन जायचा. पट्ट्यांकडे बघायचा नाही. मान वळवायची झाली तर सगळं अंग वळवायचा. जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटून बसायचा आणि बसल्या बसल्या एका बाजूला कलायचा.

"धाकू, भट्टी कुठली रे? आम्हाला पण सांग ना यार," जयवंत म्हणाला. तो पण आमच्याच कारखान्यात, लेथवर.  धाकूने खिशातून लवंग काढून तोंडात टाकली.

ती लवंग आम्ही सगळ्यांनी बघितली. लवंग कोण खातं हे दारूबंदीच्या मुंबईत सगळ्यांना माहीत होतं. मळमळीसाठीही लोक लवंग खातात हे तेव्हा कुणालाच आठवलं नाही.

शनिवारी धाकूचा पाय रेषेबाहेर गेला. अण्णांनी विचारलं, "काय रे, बरं नाही का?" दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेला, तेव्हा अण्णांनी काही विचारलं नाही, जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. लवंगेचा होता. तिसऱ्या शनिवारी गॅलऱ्या नेहमीपेक्षा जास्त भरल्या होत्या. धाकूने चार पावलं टाकली, थांबला, एक डोळा बारीक केला, पाचवं टाकलं आणि कडेला खाली बसला.

"अण्णा, मी दारू घेवक नाय," तो म्हणाला. "माका रेघाच दोन दिसतत. खयच्यार पाय ठेवू?"

 मग जयवंत म्हणाला, "दोन दिसतायत म्हणजे पावशेर झाली. चार दिसल्या की अर्धा शेर."

सगळं मैदान हसलं. मी पण हसलो. अण्णा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "लिही." मी वहीत लिहिलं : धाकू सखाराम राऊळ, तीन वेळा रेषा चुकल्याने व दारू पीत असल्याच्या संशयावरून नाव कमी केले. माझं अक्षर चांगलं आहे. 'संशयावरून' हा शब्द मी जरा बारीक काढला.

धाकू उठला आणि मैदानाच्या कुंपणाला धरून धरून घरी गेला.

हे इथेच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मला वाटलं, चिटणीस म्हणून आपलं काही कर्तव्य आहे. परमिटशिवाय पिताना पोलिसांनी पकडलं तर नोकरी जाईल, तुरुंग लागेल. आधीच घरच्यांना सावध करावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या चाळीत गेलो. धाकू घरी नव्हता. शेवंतीवहिनी गॅलरीच्या टोकाला नळावर कळशी भरत होत्या. आणखी तीन-चार बायका रांगेत होत्या. मी वहिनींना बाजूला बोलवायला हवं होतं. मी तिथेच बोललो.

"वहिनी, धाकूदादाकडे लक्ष द्या. तो पितो आजकाल. काल मंडळातून नाव काढावं लागलं."

त्यांनी कळशी खाली ठेवली. "तुमी बघितल्यात पिताना?"

"सगळ्यांनी बघितलं, वहिनी. उभं राहता येत नव्हतं."

 त्या हळू म्हणाल्या, "तोंड धुताना पडतत. तोंडाक साबण लावल्यानी, डोळे मिटल्यानी, की पडतत. माका वाटला अशक्तपणा." रांगेत मागे उभ्या असलेल्या प्रेमाबाई जोशात म्हणाल्या, "अगं, माझा दीर असाच पडायचा. अशक्तपणा कसला."  त्याच दुपारी वहिनी पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मरोळला भावाकडे निघून गेल्या. जाताना दाराला कुलूप लावून किल्ली प्रेमाबाईंकडे ठेवून गेल्या. धाकूने ती त्यांच्याच हातून घेतली.

पुढच्या आठवड्यात फोरमनने मला बोलावलं. राऊळला आखणीवरून काढून यंत्रांखालचा लोखंडी भुसा झाडायला लावायचा होता. त्यासाठी तपासनिसाचा लेखी अहवाल पाहिजे. मी म्हटलं, एक दिवस त्याच्या शेजारी उभा राहून बघतो. अहवाल पक्का व्हावा एवढाच माझा हेतू होता.

सकाळी आठला पाळी सुरू झाली तेव्हा मी त्याच्या पाटाजवळ स्टूल टाकून बसलो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मोजपट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब केली, पुन्हा जवळ नेली. मग डावा डोळा मिटला आणि रेघ ओढली. ती रेघ मी मोजली. बरोबर होती. दुसरी, तिसरी, सहावी, सगळ्या बरोबर. सातव्या वेळी त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि रेघ सरकली.

मी सातही रेघा पुन्हा मोजल्या. प्यायलेल्या माणसाचा हात एक डोळा मिटल्याने ताळ्यावर येत नाही. चूक हाताची नव्हती. ज्या साधनाने माप घेतलं जात होतं त्यातच बिघाड होता, आणि साधन तपासायचं सोडून मी महिनाभर माल तपासत बसलो होतो. हे ओळखणं हाच माझा धंदा होता.

"दादा, जरा इकडे बघ," मी म्हटलं. दोरीला एक नट बांधून तो मी ओळंब्यासारखा त्याच्या समोर धरला आणि हळूच झुलवला. "मान हलवू नकोस. नुसत्या डोळ्यांनी याच्या मागे जा."

माझे डोळे नटाबरोबर सरकत होते. धाकूचे सरकत नव्हते. ते मागे राहायचे, मग एकदम उडी मारून पुढे जायचे, पुन्हा अडकायचे. सैल झालेला पट्टा पुलीवर घसरत, झटके खात फिरतो, अगदी तसं. चार झोक्यांत त्याला घाम सुटला आणि त्याने पाटाची कड धरली. मग मी पेन्सिल उभी धरून त्याच्या नाकाकडे आणत गेलो आणि दोन दिसल्या की सांग म्हटलं. पेन्सिल हातभर लांब होती तेव्हाच तो म्हणाला, "झाल्यो दोन."

"आता पाय जुळवून उभा राहा. डोळे मिट."

डोळे मिटले आणि तो सरळ माझ्या अंगावर आला. मी त्याला मिठीत धरलं. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. सकाळचे नऊ वाजले होते. चहाचा आणि लवंगेचा वास येत होता, बाकी कशाचाही नाही.

"हे कधीपासून, दादा?"

"मुलुंडच्या मॅचीपासून असात. मॅच माका आठवणा नाय. नारळ फोडल्यानी थंयपर्यंत आठवता. मगे घराकडे उलटी झाली, ता आठवता." तो थांबला. "जिकलो काय रे आपण? सगळे म्हणतत जिकलो."

मी म्हटलं, जिंकलो.

त्या दुपारी अर्धी रजा टाकून मी त्याला स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. हे गृहस्थ पूर्वी पलटणीत होते. त्यांनी मी केलं तेच सगळं केलं, फक्त नीट केलं. शिवाय त्याला जागच्या जागी पावलं टाकायला लावली, मान वळवत समोरच्या कॅलेंडरवरचा आकडा वाचायला लावला. धाकूला तो वाचता येईना. मान थांबली की वाचता यायचा.

"मेंदूला हादरा बसलाय," डॉक्टर म्हणाले. "पलटणीत मुष्टियुद्धवाल्यांना व्हायचं हे. फुटबॉलवाल्यांना पण. बाहेर खरचटलेलंही नसतं. माणूस तोल कशावर सांभाळतो? कानाच्या आत एक यंत्रणा असते, पायांना जमीन कळते आणि डोळ्यांना समोरचं दिसतं. या तिघांचा मेळ मेंदू घालतो. याचा तो मेळ सुटलाय. त्यात डोळे दोन्ही मिळून एका जागी लागत नाहीत, म्हणून एकाचे दोन दिसतात. दारूने पण असंच दिसतं, म्हणून लोक फसतात."

मी खाली बघत होतो.

"पडल्यावर लगेच बाहेर बसवला असतात तर कदाचित पंधरा दिवसांत बरा झाला असता," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले. "पण हा म्हणतो, सगळे सांगतात की शेवटपर्यंत खेळला. असा मार लागलेल्या माणसाला परत मैदानात पाठवला कुणी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. धाकू माझ्या आधी बोलला. "कोण पाठवतलो, डाक्टर. मीच गेलो आसतलंय. माका खेळाचा याड."

आणि मी तोंड मिटलं. मी त्याला आत ढकललं होतं, हे तोवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला आठवत नव्हतं. जगात दुसऱ्या कुणाच्या लक्षात नव्हतं. मी गप्प बसलो तर ते नाहीसं होणार होतं, आणि मी गप्प बसलो.

डॉक्टरांनी महिनाभर काम बंद सांगितलं, खेळ वर्षभर बंद. मग रोज करायचे व्यायाम शिकवले. अंगठा समोर धरून डोळ्यांनी त्याच्या मागे जायचं, तो नाकाजवळ आणायचा, लांब न्यायचा, मान हळूहळू वळवायची, भिंतीशी चालायचं. धाकूने ते व्यायाम नेमाने केले. उन्हाळ्यात तो पुन्हा आखायला लागला, सुरुवातीला एका डोळ्यावर रुमाल बांधून. चढाईला मात्र तो पुन्हा कधी गेला नाही. समोरचे सात जण एका नजरेत यायचे, ते आता येत नाहीत म्हणायचा.

मी फोरमनला अहवाल दिला नाही, डॉक्टरांची चिठ्ठी दिली. मग अण्णांकडे गेलो. त्यांना डोळ्यांचं, तोलाचं सगळं सांगितलं. त्यांनी समोरचा चरखा बाजूला सरकवला. "नाव परत लिही," म्हणाले. "शनिवारी मी सांगतो सगळ्यांना." शनिवारी मारुतीपुढे त्यांनी सांगितलं की राऊळबद्दल गैरसमज झाला होता, त्याची प्रकृती बरी नव्हती. एवढंच. त्या शनिवारपासून रेषेवरून चालणं बंद झालं. जयवंतने मान खाली घालून टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. मी वही काखेत धरून अण्णांच्या शेजारी उभा होतो. लोकांना वाटलं, हे सगळं नंदकुमारने शोधून काढलं. दोघांनी माझी पाठ थोपटली.

त्या थापा मार बसावा तशा पाठीवर घेऊन मी घरी आलो.

रविवारी सकाळी मी धाकूला म्हटलं, "चल, मरोळला जाऊ. वहिनींना मी सांगतो." बसमध्ये त्याला भोवळ यायची, म्हणून चालत निघालो. मी सायकल ढकलत होतो आणि तो कॅरिअरला धरून चालत होता. असल्फ्यावरून साकीनाक्याला आलो. मग तो म्हणाला, "ती येवची नाय बघ. तिका माझ्या बापाशीची गजाल म्हायत हा."

शेवंतीवहिनींचा भाऊ खाणीवर लोहार होता. घराच्या पडवीत वहिनी तांदूळ निवडत होत्या. मुलगी धावत येऊन बापाच्या पायाला बिलगली आणि धाकूने पडू नये म्हणून खांब धरला. वहिनींनी ते बघितलं.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. डॉक्टर, डोळे, कान, तोल. वहिनी ऐकत होत्या, सूप हातात तसंच. "म्हणजे पिणत नाय," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी. कधीच नाही."

"ता ह्यांनी माका सांगलेल्यानी. तुमी काय नवीन सांगतास?"

तेव्हा मी उरलेलं सांगितलं. की पडल्यावर धाकूदादाने मला विचारलं होतं, आपण कुठल्या बाजूला. की त्याला भान नव्हतं आणि ते मला कळायला हवं होतं. की मी हसलो, त्याचं तोंड फिरवलं आणि पाठीवर धक्का देऊन आत पाठवलं. की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो.

धाकू खांबाला धरून माझ्याकडे बघत होता. एक डोळा मिटून, नीट दिसावं म्हणून. त्याचं ते बघणं मला झेपेना.

"तू ढकललंस?" तो म्हणाला.

"हो."

"मगे डाक्टराकडे बोलूक नाय तो?"

"नाही बोललो, दादा."

 तो पडवीच्या पायरीवर बसला आणि मुलीला मांडीवर घेतलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "डोळे बरे होतले?"

"हळूहळू होतील म्हणालेत."

"मी येतंय," त्या म्हणाल्या. "पण भावोजी, तुमी माका नळावर सांगलात. सगळ्या गॅलरीन आयकल्यान. आता पिशवी घेवन मी थंयसर गेलंय तर बायको दारुड्याकडे परत इली म्हणतले. आठ बिऱ्हाडा असत. तुमी पुढे चला. आठय दारांत सांगा. मगे मी कुलूप उघडतंय."

दुपारी चौघेही चाळीत पोचलो. रविवार असल्याने सगळे घरी होते. मी पहिल्या दाराशी उभा राहिलो. प्रेमाबाई भाकऱ्या थापत होत्या.

"प्रेमाबाई, धाकूदादा दारू पीत नाही. मी नळावर बोललो ते चुकीचं होतं. मुलुंडला त्याच्या डोक्याला मार लागलाय, म्हणून तोल जातो."

"अगबाई," त्या म्हणाल्या. मी पुढच्या दाराकडे वळलो.

"पुरा सांगा," मागून वहिनींचा आवाज आला.

मी परत वळलो. "आणि त्याला भान नसताना मीच त्याला परत खेळायला ढकललं." प्रेमाबाईंचा हात पिठात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं तसं आजवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

पुढच्या सहा दारांत मी न सांगता पुरं सांगितलं. काही जण च्‌ च्‌ करत होते. बाळा म्हापसेकर नावाचे एक कंपाउंडर होते, ते म्हणाले, "शिकलेला ना रे तू?" मी हो म्हटलं. धाकू गॅलरीचा कठडा धरून एकेक दार माझ्या मागे येत होता. त्याला यायची गरज नव्हती. तो का येत होता ते मला अजून कळलेलं नाही.

आठव्या खोलीत रुक्मिणीआजी राहायच्या. दाराशी बसून वाती वळत होत्या. माझं सगळं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मधेमधे मान डोलावली. मग धाकूकडे बघून प्रेमाने म्हणाल्या, "चांगलं झालं हो बाळ. सोडलीस ना एकदाची. आता पुन्हा हात लावू नकोस."

गॅलरीत कुणीतरी हसू दाबलं. धाकूने कठड्यावरचा हात घट्ट केला. शेवंतीवहिनी कुलपाशी उभ्या होत्या, किल्ली हातात, मुलगी कडेवर. त्यांनी किल्ली लावली नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी आजींसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.